वैद्याच्या अंगणातील जलव्यवस्था : खाडीकाठच्या औषधी वाटिकेचा विचार

प्रास्ताविक

आपल्या चिकित्सालयाच्या मागे-पुढे चार औषधी वनस्पती असाव्यात, रुग्णास ताजी गुळवेल, तुळस, अडुळसा हाताने तोडून देता यावा, ही बहुतेक वैद्यांची इच्छा असते. लघुउद्योग म्हणून औषधी निर्मिती करणाऱ्या आपल्या सभासदांपैकी अनेकांनी कारखान्याच्या आवारात अशी वाटिका केलेली आहे. मात्र या वाटिकांविषयी चर्चा होते ती रोपे कोणती लावावीत, कोठून आणावीत आणि त्यांचे गुणधर्म काय एवढ्यापुरतीच. त्या रोपांना कोणते पाणी, किती व केव्हा द्यावे, तसेच नको असलेले पाणी अंगणातून बाहेर कसे काढावे, हा विषय माळ्यावर किंवा इमारतीच्या रखवालदारावर सोपवून आपण मोकळे होतो. द्रव्याचा गुण भूमी व जल यांवर अवलंबून असतो असे शिकविणाऱ्या शास्त्राच्या अभ्यासकांना ही उपेक्षा शोभणारी नाही.

प्रस्तुत लेखात आम्ही ठाणे व डोंबिवली यांच्या मधोमध असलेल्या दिवा या गावाचे उदाहरण समोर ठेवून हा विचार मांडीत आहोत. पावसाळ्यात पाणी तुंबणे आणि उन्हाळ्यात पाण्याची टंचाई, या दोन्ही अडचणी येथे एकाच अंगणात भेटतात. त्यामुळे येथे लागू पडणारी योजना कळवा, मुंब्रा, कोपर, डोंबिवली, कल्याण अशा खाडीलगतच्या सर्वच वस्त्यांतील वैद्यमित्रांना थोड्याफार फरकाने उपयोगी पडेल.

शास्त्रविचार

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात औषधासाठी योग्य भूमीची लक्षणे सांगितली आहेत. खड्डे, खडे, दगड, वारुळे, स्मशान, वाळू इत्यादींनी दूषित नसलेली, ऊषर म्हणजे क्षारयुक्त नसलेली, पाणी जवळ असलेली, स्निग्ध, मृदू, स्थिर व सम अशी भूमी औषधासाठी घ्यावी, असा त्याचा आशय आहे. त्याच प्रकरणात कृमी, विष, ऊन, वारा, अग्नी, पाणी इत्यादींनी बाधित न झालेले औषध ग्रहण करावे असेही सांगितले आहे. बाधक कारणांच्या या यादीत पाण्याचा समावेश आहे, हे वाचकांनी आवर्जून लक्षात घ्यावे. पाणी जवळ असावे. पण पाण्याने औषध बिघडलेले नसावे. वाटिकेच्या जलव्यवस्थेचे संपूर्ण सूत्र या दोन विधानांत सामावलेले आहे.

चरकाचार्यांनी विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाची कारणे सांगताना वायू, उदक, देश व काल या चार भावांची विकृती वर्णिली आहे. यांपैकी वायूपेक्षा जल आणि जलापेक्षा देश टाळण्यास अधिक कठीण मानला आहे. ज्या अंगणात दूषित पाणी वर्षानुवर्षे मुरते तेथे उदकाची विकृती हळूहळू देशाची विकृती होते. पाणी बदलता येते, माती बदलणे अवघड असते.

पाणी केव्हा द्यावे याविषयी वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेद प्रकरणात नेमके मार्गदर्शन आहे. लावलेल्या वृक्षांना ग्रीष्मात सकाळ-संध्याकाळ, शीतकाळी एक दिवसाआड व वर्षाऋतूत जमीन सुकली तरच पाणी द्यावे, असे तेथे म्हटले आहे. यातील शेवटचा भाग फार महत्त्वाचा आहे. पाणी देण्याचा निर्णय दिनदर्शिकेवरून नव्हे, तर मातीच्या परीक्षेवरून करावयाचा, हे तत्त्व त्यातून मिळते.

दिव्याची भूमी आणि पाणी

दिव्याच्या उत्तरेस उल्हास नदीची खाडी व पश्चिमेस पारसिकचे डोंगर आहेत. साबे, दातिवली, आगासन, बेतवडे ही जुनी गावे भाताची. खाडीकाठच्या सखल पट्ट्यात खाजणे होती. भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून कोकणात मातीचे बांध घालून, त्यांत उघाडी ठेवून खारजमीन लागवडीस आणण्याची पद्धत फार जुनी आहे. या बांधांच्या व्यवस्थेसाठी मुंबई प्रांतात १९४८ साली व पुढे महाराष्ट्रात १९७९ साली स्वतंत्र खारभूमी कायदे करण्यात आले. आज या भूमीचा मोठा भाग इमारती व चाळींनी व्यापला आहे. बांधकामासाठी भराव टाकला गेला असला तरी हात-दोन हात खोदल्यावर पुष्कळ ठिकाणी तीच काळी, चिकट, खारट माती लागते.

अशा मातीचे तीन दोष आहेत. पहिला म्हणजे निचरा मंद असल्याने पावसाळ्यात मुळांना वायू मिळत नाही. दुसरा दोष असा की, खालचे पाणी खारट असल्याने उन्हाळ्यात ते केशाकर्षणाने वर चढते, पाणी उडून जाते व क्षार पृष्ठभागावर राहतात. मार्च महिन्यात जमिनीवर दिसणारी पांढुरकी पापुद्र्यासारखी साय ही त्याचीच खूण होय. तिसरा दोष भरावाचा आहे. भराव कोठून आला हे बहुधा कोणासही सांगता येत नाही आणि त्यात बांधकामाचा चुरा, क्वचित कचराही असू शकतो. दिव्यात शहराचा कचरा वर्षानुवर्षे टाकला जात असे. २०२३ साली ते थांबले, तरी कचऱ्यातून झिरपणाऱ्या पाण्याचा परिणाम जमिनीत दीर्घकाळ टिकू शकतो. म्हणून अशा जागेजवळच्या भूमीत खाण्याच्या औषधी वनस्पती थेट लावू नयेत, असा आमचा स्पष्ट अभिप्राय आहे.

आता पर्जन्याचा विचार करू. या भागात वर्षाकाठी सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो व तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. उरलेले आठ महिने कोरडे. वर्षभरात आकाशातून येणारे पाणी वाटिकेच्या गरजेच्या कित्येक पट आहे. अडचण केवळ कालाची आहे. उन्हाळ्यात ज्या वस्तीत पिण्याचे पाणी टँकरने घ्यावे लागते, तेथे वैद्याने नळाच्या पाण्याने वाटिका भिजविणे हे व्यवहारास व नीतीस धरून नाही.

जलपरीक्षा

प्राचीनांनी पावसाच्या पाण्याची परीक्षा सांगितली आहे. रुप्याच्या पात्रात शिजलेल्या साळीच्या भाताचा पिंड पावसात ठेवावा व एक मुहूर्तपर्यंत त्याचा वर्ण इत्यादी न बदलल्यास ते गांग जल समजावे, अशी सुश्रुतोक्त पद्धती आहे. पाणी वापरण्यापूर्वी ते तपासलेच पाहिजे, हा त्यातील बोध आजही तितकाच ग्राह्य आहे.

सिंचनाच्या पाण्याची साधी परीक्षा म्हणजे त्यातील विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण. त्याचे लहान यंत्र टीडीएस मीटर या नावाने बाजारात मिळते. जागतिक अन्न व कृषी संघटनेने सिंचनासाठी दिलेल्या मार्गदर्शनानुसार लिटरमध्ये ४५० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेले पाणी निर्धोक, ४५० ते २००० पर्यंतचे काळजीपूर्वक वापरण्याजोगे आणि २००० च्या पुढचे गंभीर अपाय करणारे मानावे. कूपनलिकेचे पाणी फेब्रुवारी व मे अशा दोन्ही महिन्यांत तपासावे. पावसाळ्यानंतर गोडसर लागणारे पाणी मे महिन्यात मचूळ होणे ही खाडीकाठची नित्याची गोष्ट आहे. मात्र हे यंत्र केवळ एकूण क्षार दाखविते. जंतू, शिसे, कॅडमियम यांविषयी ते काहीही सांगत नाही, याचे भान ठेवावे. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणी हाच मार्ग आहे.

मातीसाठीही तपासणी करून घ्यावी. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र पनवेल येथे असून खारजमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या पनवेल या नावाच्या जाती तेथूनच आल्या. घरी करण्याजोगी निचऱ्याची परीक्षा अशी : एक फूट खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा. पाणी जिरल्यावर पुन्हा भरावा व तासाभराने मोजावे. पातळी इंचभरही उतरली नाही तर त्या जागी सपाट वाफा करू नये.

पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. हे एकच सूत्र लक्षात ठेवले तर पुढील सर्व हिशेब सोपा आहे.

समजा, चिकित्सालयाचे छप्पर ६० चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेसहाशे चौरस फूट आहे. २५०० मिलिमीटर पाऊस धरल्यास त्यावर दीड लाख लिटर पाणी पडते. गळती, उडणे, पहिला पाऊस सोडून देणे यांसाठी पाचवा हिस्सा वजा केला तरी एक लाख वीस हजार लिटर पाणी हाती येण्याजोगे आहे.

आता गरज पाहू. वाटिकेतील वाफ्यांचे क्षेत्र २० चौरस मीटर असल्यास व उघड्या मातीच्या वाफ्यास प्रत्येक चौरस मीटरमागे रोज सरासरी चार लिटर पाणी धरल्यास दिवसाला ८० लिटर लागतात. आच्छादन, मडके वा ठिबक यांचा वापर केल्यास आणि निम्म्या जागेत कमी पाण्याच्या वनस्पती लावल्यास हीच गरज ४० लिटरपर्यंत आणता येते. फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांसाठी त्या हिशेबाने ४,८०० लिटर पाणी पुरते. म्हणजे हजार लिटरच्या पाच टाक्यांनी टंचाईचा सर्व काळ निभावतो. ऑक्टोबर ते जानेवारी या काळात मातीत ओल असते, उन्हाचा ताप कमी असतो व घरगुती वापरातून वाचणारे स्वच्छ पाणीही उपयोगी पडते. एवढ्या टाक्यांसाठी जागा नसेल तर वाटिका लहान करावी. जेवढे पाणी साठविता येते तेवढेच वाफे करावेत, हा क्रम योग्य होय. आधी वाफे करून मग पाण्यासाठी धावपळ करणे हा विपरीत क्रम होय.

पावसाचे पाणी साठविण्याचा विधी

छपरावर धूळ, पक्ष्यांची विष्ठा, पाने साचलेली असतात. म्हणून मोसमातील पहिले दोन-तीन पाऊस साठवू नयेत आणि त्यानंतरही मोठ्या उघडिपीनंतर येणाऱ्या पावसाचे सुरुवातीचे पाणी बाजूला काढावे. दोन मिलिमीटर पावसाचे पाणी सोडून द्यावयाचे ठरविल्यास ६० चौरस मीटर छपरासाठी ते १२० लिटर होते. तेवढ्या मापाचे एक पिंप पन्हळीच्या नळाला आधी जोडावे. ते भरल्यावर पुढचे पाणी टाकीकडे वळेल. नळाच्या तोंडाशी जाळी व त्यापुढे खडी-वाळूची गाळणी असावी. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे त्यावरील पाणी औषधी वाफ्यांसाठी घेऊ नये.

टाकी अपारदर्शक व झाकणबंद असावी. प्रकाश आत गेला की शेवाळ धरते आणि फट राहिली की डास शिरतात. टाक्या भरण्यासाठी ऑगस्टच्या उत्तरार्धातील व सप्टेंबरमधील पाऊस उत्तम, कारण तोवर छप्पर धुऊन निघालेले असते व साठविण्याचा काळ कमी होतो. शरद ऋतूतील निर्मळ जलाची शास्त्राने केलेली प्रशंसा येथे आठवावी. हे पाणी सिंचनासाठी आहे. पिण्यासाठी वा काढ्यासाठी वापरावयाचे तर त्याची स्वतंत्र तपासणी व शुद्धी आवश्यक आहे.

पर्जन्यजलाचे पुनर्भरण म्हणजे शोषखड्डा, अशी एक समजूत रूढ आहे. डोंगरउतारावर व मुरमाड जमिनीत तो उपयुक्त आहेच. परंतु जेथे पावसाळ्यात भूजल पृष्ठभागाशी येऊन ठेपते व खालचे पाणी मुळात खारट आहे, तेथे शोषखड्डा भरून वाहतो व जिरलेले गोडे पाणी खाऱ्या पाण्यात मिसळून जाते. अशा ठिकाणी जमिनीवरील टाकी हाच श्रेयस्कर मार्ग होय.

वाफे आणि सिंचन

खारट, चिकट जमिनीत औषधी वाटिका करावयाची तर ती गादीवाफ्यावर करावी. दीड ते दोन फूट उंचीच्या विटांच्या कडेत, तळाशी विटांचे तुकडे व खडी, त्यावर खात्रीच्या ठिकाणाहून आणलेली लाल माती, कुजलेले शेणखत व थोडी वाळू भरावी. तळाच्या कडेला पाणी वाहून जाण्यासाठी छिद्रे ठेवावीत. खडीच्या थरामुळे खालच्या क्षारांचे वर चढणे बरेच थांबते. वाफ्यांमधील चर घराच्या पायापासून दूर व रस्त्यावरील गटाराच्या पातळीहून वर उघडावेत, अन्यथा भर पावसात गटाराचे पाणी उलट वाफ्यात शिरते.

सिंचनात सर्वाधिक आढळणारी चुकीची सवय म्हणजे रोज नळीने वरवर पाणी शिंपडणे. त्याने वरची दोन बोटे माती भिजते, मुळे वरच राहतात, पाणी उन्हाने उडते व क्षार तेथेच साचतात. त्याऐवजी पाणी मुळापर्यंत पोहोचेल असे व थोड्या अंतराने द्यावे. बोट मातीत दोन पेरे खुपसावे. आत ओल लागली तर पाणी देऊ नये. पाणी पहाटे किंवा सूर्यास्ताच्या सुमारास मुळाशी द्यावे, पानांवर मारू नये. तुळशीसारख्या वनस्पतींची पाने रात्रभर ओली राहिल्यास बुरशीजन्य रोग बळावतात.

मडका सिंचन ही लहान वाटिकेसाठी अत्यंत सुकर पद्धती आहे. चकाकी नसलेले, भाजलेल्या लाल मातीचे आठ-दहा लिटरचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे व पाण्याने भरून झाकण ठेवावे. माती कोरडी होईल तसतसे पाणी मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर झिरपते. ओल असेल तेव्हा थांबते. अशा रीतीने गरजेइतकेच पाणी आपोआप मिळते. चीनमधील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कृषिग्रंथातही या पद्धतीचा उल्लेख आढळतो. मचूळ पाणी वापरल्यास छिद्रे बुजतात, म्हणून वर्षातून एकदा मडके काढून घासून उन्हात वाळवावे.

ठिबक सिंचन इस्राएलमध्ये सिम्का ब्लास यांच्या प्रयत्नांतून विकसित झाले व १९६० च्या दशकात तेथे त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. आपल्याकडे जळगावच्या भवरलाल जैन यांनी ते शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविले. घरच्या वाटिकेत पंपाची गरज नसते, टाकी उंचावर ठेवून पाणी सोडता येते. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तोटीवर लिहिलेले ताशी चार लिटर हे माप सुमारे दहा मीटर पाण्याच्या दाबाचे असते. टाकी दोन मीटर उंचीवर असेल तर साध्या तोटीतून त्याच्या निम्म्याहूनही कमी पाणी येते. म्हणून तोटीखाली वाटी ठेवून पंधरा मिनिटांत किती पाणी जमते ते मोजावे, त्याची चौपट करावी व त्यावरून वेळ ठरवावी. किंचित खारट पाणी ठिबकने दिल्यास ओल्या वर्तुळाच्या कडेला क्षार साचतात. जूनचा पहिला हलका पाऊस ते क्षार मुळांकडे ढकलतो. यासाठी चांगला दमदार पाऊस होईपर्यंत ठिबक बंद करू नये.

आच्छादनासाठी भाताचा पेंढा, वाळलेली पाने, नारळाच्या शेंड्या वापराव्यात. तीन-चार बोटे जाडीच्या आच्छादनाने बाष्पीभवन मंदावते व क्षार वर येण्यासही प्रतिबंध होतो. ते खोडाला टेकवू नये. पावसाळा स्थिरावल्यावर ते काढून टाकावे.

वनस्पतींची योजना

जलाच्या गरजेनुसार वनस्पतींचे तीन गट करून तीन वेगळ्या वाफ्यांत लावावेत. एकाच वाफ्यात कोरफड व ब्राह्मी लावली की एकीला नेहमी अपाय होतो.

१. आर्द्र गट : ब्राह्मी, मंडूकपर्णी, वेखंड, पिंपळी. यांना कायम ओल लागते, म्हणून हा वाफा लहान, अर्धसावलीत व टाकीच्या जवळ असावा. आपल्याकडे मंडूकपर्णीसही ब्राह्मी म्हणण्याचा प्रघात आहे. वाफ्यावर पाटी लावताना ही गफलत टाळावी.

२. मध्यम गट : तुळस, शतावरी, गुळवेल, पुनर्नवा. यांना नियमित पण निचऱ्याचे पाणी हवे. शतावरीची मुळे साचलेल्या पाण्यात कुजतात, म्हणून ती सर्वांत उंच वाफ्यात लावावी.

३. कोरडा गट : कोरफड, अडुळसा, निर्गुडी. मुळे धरल्यानंतर अडुळसा व निर्गुडी यांना फारच थोडे पाणी पुरते. कोरफडीला पावसाळ्यात छपराखाली कुंडीत ठेवणे उत्तम.

कुंपणालगत मूळच्याच मातीत झाडे लावावयाची असल्यास करंज, उंडी म्हणजे पुन्नाग व सागरगोटा यांचा विचार करावा. क्षार व समुद्रकाठचा वारा सोसणाऱ्या या वनस्पती आहेत. अश्वगंधेसारखी कोरड्या प्रदेशातील वनस्पती आपल्या पावसात अट्टाहासाने लावू नये. देशविचार सोडून केलेली लागवड श्रम व पाणी दोन्ही वाया घालविते.

सांडपाण्याविषयी

पाणी वाचविण्याच्या हेतूने सांडपाणी वाटिकेस देण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. त्यात विवेक हवा. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी त्याच दिवशी मुळाशी देण्यास हरकत नाही. कपडे धुण्याच्या पावडरीतील सोडियमचे क्षार चिकट माती अधिकच घट्ट करतात. आपल्या मुळातच खारट मातीला तर ते सर्वथा वर्ज्य. स्नानाचे पाणी फार तर कुंपणावरील शोभेच्या झाडांना द्यावे. शौचालयाचे, गटाराचे किंवा तुंबून आत आलेले पाणी औषधी वाफ्यास कदापि देऊ नये. जलशुद्धी यंत्रातून बाहेर टाकल्या जाणाऱ्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा अधिक क्षार असतात, म्हणून तेही मीटरने तपासल्याशिवाय घेऊ नये.

यातील धोका नेमका कोठे आहे ते पाहू. काढा उकळला जातो, चूर्ण निदान वाळविले जाते. स्वरस मात्र जसाच्या तसा रुग्णाच्या पोटात जातो. गटारालगत वाढलेल्या मंडूकपर्णीचा स्वरस देणे म्हणजे बालकास वा दुर्बल रुग्णास औषधाबरोबर जंतूंचा संसर्ग देणे होय. उकळण्याने जंतू मरतात, परंतु जड धातू तसेच राहतात. ब्राह्मी पाण्यातील जड धातू शोषून आपल्या अंगात साठविते, असे संशोधनात आढळून आले आहे. पाणथळ जागा स्वच्छ करण्यासाठी हा गुण उपयुक्त असेल, पण औषधाच्या दृष्टीने हाच मोठा दोष ठरतो.

औषधनिर्मात्यांसाठी

वनस्पतिज औषधांतील जड धातूंची मर्यादा आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ पीपीएम अशी आहे. २००० साली अधिसूचित झालेल्या शेड्यूल टीमध्ये कच्च्या मालाच्या परीक्षेची व नोंदींची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. आवारातील वाटिकेतून आलेला माल 'घरचा' म्हणून या परीक्षेतून सुटत नाही. प्रत्येक वाफ्यास क्रमांक द्यावा आणि पाण्याचा स्रोत, क्षारांचे माप, तोडणीची तारीख यांची एक वही ठेवावी. माल नापास झाला तर कारण शोधण्यास ही वही उपयोगी पडते.

सिंचन व संग्रह यांचा मेळ घालणेही आवश्यक आहे. चरकाचार्यांनी मुळांचा संग्रह ग्रीष्मात किंवा शिशिरात सांगितला आहे. त्या काळी जमीन कोरडी असते, मुळे स्वच्छ निघतात व लवकर वाळतात. उन्हाळ्यात शतावरीला भरपूर पाणी देऊन दुसऱ्याच दिवशी मुळे काढली तर ती वाळण्यास वेळ घेतात व बुरशी धरते. तोडणीपूर्वी आठवडाभर पाणी कमी करीत न्यावे. कोरफडीची पाने पाणी देऊन टम्म फुगलेली असताना तोडल्यास वजन वाढते, परंतु गर पातळ येतो. वजनावर खरेदी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

अंगणातील पाणी आणि रोग

वैद्याच्या अंगणातून रोग पसरावा यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो व आपल्या हवामानात आठ-दहा दिवसांत अंड्यापासून पूर्ण डास तयार होतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा. त्या दिवशी कुंड्यांखालच्या ताटल्या, उघडी पिंपे, पन्हळीतील खोलगट भाग, पक्ष्यांसाठी ठेवलेली पात्रे रिकामी करून घासावीत. डासांची अंडी पात्राच्या कडेला चिकटून राहतात, त्यामुळे केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही. मडक्यांवर घट्ट झाकण व टाकीच्या हवेच्या नळीवर बारीक जाळी असावी.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतर मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण मोठ्या प्रमाणावर आढळले. उंदीर व अन्य प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून हा रोग त्वचेवरील जखमांवाटे शरीरात शिरतो. तुंबलेल्या अंगणात काम करताना गमबूट व हातमोजे घालावेत. पाणी वाफ्यात शिरले असेल तर त्या वेळची पाने, कोवळ्या फांद्या औषधासाठी घेऊ नयेत. त्या काढून टाकाव्यात व पाऊस सरल्यावर स्वच्छ पाण्यावर आलेली नवी पालवीच वापरावी. पाण्यात बुडालेली मुळे व कंद यांचा स्वरसासाठी उपयोग त्या वर्षापुरता टाळावा. अशा पाण्यातून चालून आलेल्या रुग्णास ताप, स्नायुशूल, डोळ्यांची लाली ही लक्षणे असल्यास विलंब न लावता रक्ततपासणी व रुग्णालयीन उपचारांसाठी पाठवावे.

ऋतुनिहाय कार्यक्रम

• वैशाख-ज्येष्ठ (मे व जूनचा प्रारंभ) : पन्हळी, छप्पर, टाक्या, चर यांची स्वच्छता. गाळणीतील वाळू धुणे. कूपनलिकेच्या पाण्याची तपासणी.

• आषाढ-श्रावण : पहिले पाऊस सोडून देणे. चर मोकळे ठेवणे. सिंचन बंद, मात्र मोठी उघडीप झाल्यास मातीची परीक्षा. आठवड्याचा कोरडा दिवस.

• भाद्रपद-आश्विन : टाक्या भरणे व झाकणे बंद करणे. नवी रोपे लावणे, कारण त्यांना जमिनीतील ओल आयती मिळते.

• कार्तिक ते पौष : आच्छादन घालणे. एक-दोन दिवसांआड पाणी. मडकी स्वच्छ करून पुरणे.

• माघ ते चैत्र : साठवलेल्या पाण्याचा मोजून वापर. दर पंधरवड्यास टाकीतील पातळीची नोंद. पांढरी साय दिसल्यास ती खरवडून बाहेर टाकणे.

उपसंहार

वाटिका मोठी असणे महत्त्वाचे नाही. दहा कुंड्यांची का होईना, परंतु ज्या पाण्यावर ती वाढली त्याची खात्री वैद्याला देता आली पाहिजे. रुग्ण आपल्या हातातून ताजे औषध घेतो तेव्हा त्याचे मूळ तो विचारीत नाही, कारण त्याने तो विचार आपल्यावर सोपविलेला असतो. द्रव्यगुण, मात्रा, अनुपान यांचा जसा आपण विचार करतो, तसाच त्या द्रव्यास मिळालेल्या पाण्याचाही विचार करणे हे आपले कर्तव्य ठरते.

सभासदांनी येत्या पावसाळ्यापूर्वी तीन कामे करावीत, अशी आमची विनंती आहे. आपल्या छपराचे क्षेत्र मोजावे, कूपनलिकेच्या पाण्यातील क्षार तपासावेत आणि वाफ्यांचे जलाच्या गरजेनुसार तीन गट करावेत. या तीन कामांस एक रविवार पुरतो. पुढील वर्षी आपापल्या नोंदवह्या घेऊन शाखेच्या बैठकीत एकत्र बसता आले, तर कल्याणचा अनुभव दिव्यास व दिव्याचा अनुभव ठाण्यास उपयोगी पडेल आणि खाडीकाठच्या वाटिकांसाठी आपल्या अनुभवावर आधारलेला एक संहितावजा तक्ता तयार करता येईल.